सोनेरी पत्रिका चालत नाही

या घराची किल्ली सध्या माझ्या गळ्यात असते. काळ्या दोऱ्यात ओवून घातलीय, कारण खिशातल्या वस्तूचा मला भरवसा वाटत नाही. प्रेसमध्ये कागदाचे गठ्ठे उचलताना ती छातीला टोचते आणि मनात येतं, कुलूप नीट लागलं होतं ना. लागलेलं असतंच. तरी दुपारी जेवायला आलो की दार उघडायच्या आधी कुलूप ओढून बघतो.

घर माझं नाही. मी गच्चीवरच्या खोलीत राहतो. खाली राहणारं कुटुंब, म्हणजे ताई, त्यांचे यजमान भाऊ आणि दोन लेकरं, सध्या मोठ्या शहरात आहेत. धाकट्या मुलीला तिथल्या दवाखान्यात काचेमागच्या खोलीत ठेवलंय. तिच्या थोरल्या भावाच्या हाडातला मगज, डॉक्टरांच्या भाषेत बोन मॅरो, काढून तिला दिलाय. तो तिच्या अंगात धरतो की नाही, याची सगळे वाट बघतायत. मी इथं बीडमध्ये त्यांच्या कुंड्यांना पाणी घालतो आणि फोन वाजला की दचकतो.

माझं गाव इथून फार लांब, चंद्रपूर जिल्ह्यात, भाताच्या मुलखात. आठवीत शाळा सुटली. सोडली असं म्हणायला अजून जीभ वळत नाही. रस्त्याच्या कामावरच्या टोळीबरोबर फिरत फिरत या बाजूला आलो. टोळी पुढे गेली तेव्हा मी तापाने सरकारी दवाखान्यात पडलो होतो. ताई तिथं नर्स. सुट्टी मिळाली तेव्हा त्यांनी विचारलं, घरून न्यायला कोण येणार. मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि रिक्षात ठेवली, बस. त्या रिक्षात मी कसा बसलो ते मला आठवत नाही. गच्चीवर पडल्या पडल्या खालून आलेल्या वरणाचा वास मात्र आठवतो.

बरा झाल्यावर त्यांनीच मला लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये लावून दिलं. मालकांना सगळं गाव चाचा म्हणतं. त्यांच्याकडे बौद्धांचे मंगल परिणय छापले जातात, मराठ्यांचे शुभविवाह छापले जातात आणि निकाहाचे दावतनामेही. नावांत चूक झाली तर दोन घरांत भांडण लागतं, म्हणून चाचांनी मला प्रूफ वाचायला बसवलं. जे काही शुद्ध लिहिता येतं ते मी तिथंच शिकलो. शाळेत जे राहिलं ते लोकांच्या लग्नांनी भरून काढलं म्हणायचं.

लेकरं मला मामा म्हणायला लागली. ताईंना ताई म्हणतो, मग मामाच झालो. धाकटी तेव्हा चौथीत, थोरला, म्हणजे दादा, आठवीत. 'का' विचारताना मी 'काहून' म्हणालो की धाकटी हसायची. ती 'कावून' म्हणायची. तिच्या मते मी तिच्या शब्दाला दम लागल्यासारखा बोलतो.

धाकटीच्या अंगात रक्त नीट तयार होत नव्हतं. जन्मापासूनच. ठरावीक आठवड्यांनी तिला जिल्हा रुग्णालयात रक्त चढवावं लागे आणि त्यात अख्खा दिवस जाई. त्या दिवसासाठी पुण्याच्या मावशीनं हातात धरून खेळायचं एक मशीन दिलेलं होतं. मावशीच्या मुलाचं, वापरलेलं. त्यात एक गाव असतं, आपण त्यात घर बांधायचं, झाडं लावायची, आणि प्राणी शेजारी म्हणून राहायला यायचे. कुणी आपलं आपण येई, पण ठरावीक प्राणी बोलवायचा तर त्याचं कार्ड लागे. कार्डात चिप. कार्ड मशीनला टेकवलं की तो प्राणी गावात हजर. खरी कार्डं बीडमध्ये कुठल्याही दुकानात नव्हती आणि परदेशातून मागवायची तर तो आकडा ऐकूनच भाऊंनी विषय बंद केला होता.

दादानं तोडगा काढला. मोबाइलच्या दुकानांत कोरे टॅग मिळतात, गोल, स्टिकरसारखे, आत तांब्याची तार आणि राईएवढी चिप. दुकानदार त्यात आपला पत्ता भरून काउंटरला चिकटवतात. त्यातल्याच एका जातीच्या टॅगवर फोनमधून कार्डाची माहिती उतरवता येते, हे त्यानं इंटरनेटवर पाहिलं होतं. पहिल्यांदा चुकीच्या जातीचे आणले. दिसायला अगदी तसेच, पण पोटात जागा कमी. दुसऱ्या खेपेला जमलं. मशीनला टेकवलं आणि पडद्यावर चष्म्यातला बोकड नमस्कार करत उभा राहिला. धाकटी ओरडली नाही. तिनं फक्त मशीन पोटाशी धरलं.

भाऊ कोर्टात कारकून. त्यांनी हे पाहून चष्मा काढला. म्हणाले, "रोज पंचशील म्हणतो आपण. न दिलेलं घ्यायचं न्हाई, हे त्यातलंच हाय ना?"

दादानं बाजू मांडली, की खेळ तर आपण पैसे देऊन घेतलाय, कार्डं इथं कुणी विकतच नाही, आणि आपण ही कुणाला विकणार नाही. भाऊंनी चष्मा पुसून परत घातला. शेवटी म्हणाले, कुणाला विकायची न्हाई, गल्लीत वाटायचीही न्हाई. निकाल पूर्ण नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण समोर धाकटीच्या दंडावर सुईचे काळे डाग होते, आणि तेही त्यांना दिसत होते.

टॅग नुसतेच ठेवले तर कुठला कुणाचा ते कळेना. मी प्रेसमधल्या वाया गेलेल्या पत्रिका आणायला लागलो. जाड कागद, आतली बाजू पांढरी. त्याचे पत्त्याएवढे तुकडे कापायचे, मागे टॅग चिकटवायचा, पुढे धाकटीनं प्राणी काढायचा. एकदा मी हौसेनं सोनेरी छपाईच्या पत्रिका आणल्या. त्यातलं एकही कार्ड मशीनला दिसेना. दादानं कारण शोधून काढलं. सोनेरी पन्नी धातूची, ती चिपचा आवाज आतच दाबून टाकते. धाकटीनं मला दम दिला, "सोनेरी पत्रिका चालत न्हाई मामा, साधी आण."

लिहिताना फार जपावं लागे. फोन टॅगवर धरायचा आणि काम झालं असं दिसेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा. मधेच हात हलला तर टॅग फुकट. आणि एकदा लिहिला की त्याला कुलूप लागतं, तो पुन्हा दुसरा कुणी होत नाही. एकदा दादाची गडबड झाली. धाकटीनं कार्डावर बोकड काढलेला आणि त्यानं आत बदक भरून ठेवलं. तो माफी मागायला लागला, दुसरं करून देतो म्हणाला. धाकटीनं ते कार्ड सोडलंच नाही. बाहेरून बोकड, आतून बदक. दवाखान्यात जाताना तेच सगळ्यात वर असायचं, आणि रक्त चढवणाऱ्या सिस्टरला ती सांगायची की याला अजून ठाऊक न्हाई, आपण कोण हाय ते.

मागच्या वर्षी शहरातल्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. दादाचं जुळलं. ताई नर्स असून त्या दिवशी भाजीत मीठ घालायला विसरल्या. जायची तारीख ठरली तेव्हा त्यांनी जेवताना लेकरांना समजावून सांगितलं. आधी औषधं देऊन धाकटीच्या हाडातला जुना मगज पूर्ण रिकामा करायचा. मग दादाचा घालायचा. तोवर तिला काचेमागं एकटीनं राहायचं. आत फुलं चालत नाहीत, कागद चालत नाही, कापडाची बाहुली चालत नाही. ज्याच्यावरून औषधाचं फडकं फिरवता येतं तेवढंच आत जातं.

धाकटीनं ताट सरकवलं. मशीन पुसता येतं, पण कार्डं कागदाची. म्हणाली, माझे मैतर आले न्हाईत तर मीबी जाणार न्हाई. लेकराचा हट्ट म्हणून तो सोडून देता आला असता. पण तिच्या मनाविरुद्ध उचलून न्यायचं तर काचेमागचे इतके दिवस ती कशी काढणार, हे ताईंना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लॅमिनेशन करू. प्लास्टिक चढवलं की पुसता येईल.

चाचांना सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. त्यांना नातवंडं आहेत, पण ती आखाती देशात. म्हणाले, बिटिया का काम है, पैशाचं नाव काढायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी मला केजला पत्रिका पोचवायला जायचं होतं. मी कार्डांचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. आल्यावर आपण दोघं बसून करू असं बोलणं झालं होतं.

केजहून येताना एसटी वाटेत बंद पडली. प्रेसमध्ये पोचलो तर चाचा हसत बसलेले. त्यांना माझी वाट बघवली नव्हती. सगळी कार्डं त्यांनी आपल्या हातानं लॅमिनेट केली होती, आणि कडा वेड्यावाकड्या दिसल्या म्हणून पूर्ण गठ्ठा कटिंग मशीनवर लावून चारी बाजूंनी साफ कापला होता. पत्रिका तशाच कापतात. पातं खाली येण्याआधी वरून एक लोखंडी पट्टी उतरते आणि गठ्ठा घट्ट दाबून धरते, कागद सरकू नये म्हणून. आयुष्यभर त्यांनी तसंच काम केलंय. गठ्ठा दाबल्याशिवाय कापायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. कार्डं इतकी सुंदर झाली होती की दुकानातली वाटावीत.

संध्याकाळी दादानं एक कार्ड मशीनला टेकवलं. काही नाही. दुसरं टेकवलं. मग फोन घेऊन सगळी एकेक करून तपासली. चिपांचे बारीक उंचवटे एकाखाली एक आले होते आणि पट्टीनं सगळे एका दाबात चिरडले होते. बोकड-बदकाचं कार्डही. दादा कार्डं परत डब्यात रचत राहिला, कडा जुळवत. धाकटी मागे उभी होती. तिनं विचारलं, "मेले का?"

चाचांना हे सांगायला मीच गेलो. ते खुर्चीवरून उठले, कटिंग मशीनपाशी गेले आणि पट्टीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "बेटा, मेरे को क्या मालूम, कागजात बी जान असती." त्या दिवशी त्यांनी प्रेसचं शटर लवकर ओढलं.

जायला फार दिवस उरले नव्हते. त्या जातीचे टॅग बाहेरून मागवावे लागत, ते वेळेवर येतील याची खात्री नव्हती, आणि आले तरी ते कागदावर चिकटवून पुन्हा लॅमिनेट करायला आता कोण तयार होणार. दादाच्या क्लासमधल्या एका पोराच्या भावाकडे एम्युलेटर होता. म्हणजे एक छोटी गोल डबी, बटण असलेली. तिच्या पोटात सगळी कार्डं भरून ठेवता येतात. बटण दाबलं की ती आता बोकड, परत दाबलं की अस्वल. मशीनला वाटतं खरंच कार्ड आलंय. प्लास्टिकची, पुसता येणारी. दादा ती मागून घेऊन आला आणि फार दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता. एकाच डबीत पूर्ण गाव मावलं होतं.

धाकटीनं दोन-चार वेळा बटण दाबून पाहिलं आणि डबी खाली ठेवली. आमच्या गल्लीत दिवाळीनंतर बहुरूपी येतो. एकदा पोलीस होऊन येतो, एकदा साधू होऊन, आणि लेकरं त्याच्या मागं पळतात. ती म्हणाली, "हा बहुरूपी हाय. सगळ्यांचं सोंग घेतो. पण हा स्वतः कोण हाय?"

दादा वैतागला. म्हणाला, तुला गाव पायजे का न्हाई? ती म्हणाली, पायजे, पण हा नको. ताई म्हणाल्या, राहू दे, तिच्या कलानं घेऊ. पण ताईंचा आवाज थकला होता. गाडीची तिकिटं काढून झाली होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर धाकटी गच्चीवर आली. मी दोरीवरचे कपडे काढत होतो. दादा कोपऱ्यात वाचत बसला होता, निदान पुस्तक उघडं होतं. ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली आणि मला विचारलं, की आई म्हणती माझ्या हाडातलं समदं रिकामं करणार. म्हणजे मी कोऱ्या टॅगसारखी होणार ना. मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मग त्यात दादा भरणार. आन मग लॉक."

दादानं पुस्तक मिटलं.

"मग मी कोण असणार?" ती म्हणाली. "मी का दादा?"

मला तेव्हा कळलं की हट्ट कार्डांचा नव्हताच. इतके दिवस ती हे घेऊन फिरत होती, आणि आम्ही तिला प्लास्टिक चढवत बसलो होतो. कपडे हातात तसेच धरून मी उभा राहिलो.

दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझं ते बोकडाचं कार्ड. आत बदक होतं ना? तरी तू त्याला बोकडच म्हणायचीस. सगळ्यात लाडकं तर तेच होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी जीप स्टार्ट करत होतं, ती काही होत नव्हती. मग धाकटी त्याच्यासमोर जाऊन बसली आणि अगदी भाऊंच्या सुरात विचारलं, "तू देतूस ना? का आई म्हणली म्हणून? न दिलेलं घ्यायचं नसतं."

"देतो की बे," तो म्हणाला. सुईची त्याला किती भीती वाटते ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बहिणीला 'बे' म्हटलं म्हणून ताई तिथं असत्या तर रागावल्या असत्या.

"गणित येईल का मग मला?"

"ते माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

ती हसली. मी कपडे घेऊन खाली गेलो, कारण तिथं उभं राहणं मला जमेना.

टॅगच्या जुन्या पाकिटात एक शिल्लक होता. स्टिकर नव्हे, कडक प्लास्टिकचा, नाण्यासारखा. पत्रिकेला चिकटत नाही म्हणून तसाच पडून राहिलेला. निघायच्या आदल्या दिवशी दादा त्यावर बोकड लिहायला बसला. धाकटीनं फोनवर हात ठेवला. म्हणाली, कोराच राहू दे. मी कोरी तोवर हाबी कोरा. मी बाहेर आले की आपण दोघं मिळून लिहू. ताईंनी तो टॅग औषधानं पुसला, उकळून घेतलेल्या स्टीलच्या डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावताना तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या बहुरूपी एम्युलेटरलाही शेवटी पिशवीत जागा मिळाली. वेळ घालवायला चालेल, धाकटी म्हणाली, पण मैतर न्हाई म्हणणार.

सकाळी त्यांनी फोटोंसमोर मेणबत्ती लावून वंदना घेतली. चाचा बसस्टँडवर आले होते. त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माफी मागायला लागले तर तिनंच त्यांना सांगितलं, की कार्डं लई भारी दिसत होती चाचा, एकदम दुकानातल्यासारखी. भाऊंनी किल्ली माझ्या हातात दिली. आपल्या घराची किल्ली माझ्यासारख्याला कुणी देईल, हे गावी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी ती मुठीत घट्ट धरली. बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि त्या दिवशी रडायचा हक्क माझा नव्हता.

आता त्या गोष्टीला बरेच आठवडे झाले. दादाचा मगज देऊन झाला. तो एक दिवस लंगडत चालला आणि मग बाहेरच्या बाकावर मशीन घेऊन बसून राहिला, असं भाऊंनी सांगितलं. मधे एक वाईट आठवडा गेला. ताप, तोंडात फोड, ताईंचा फोन फक्त 'ठेवते' म्हणण्यापुरता. त्या आठवड्यात मी प्रूफमध्ये नवरीच्या जागी नवऱ्याचं नाव जाऊ दिलं. चाचा रागावले नाहीत. त्यांनी गठ्ठा बाजूला सारला आणि चहा मागवला.

आज दुपारी कुलूप ओढून बघत होतो तेव्हा व्हिडिओ कॉल आला. ताई होत्या. म्हणाल्या, नव्या पेशी दिसायला लागल्यात, थोड्याच, पण दिसायला लागल्यात. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "आत्ताच कुणाला सांगू नका. अजून हात हलवायचा न्हाई, टॅग लिहिताना हलवत न्हाईत तसं." नर्सनं बोलावं तसंच बोलल्या त्या. मग काचेपलीकडून धाकटी दिसली. डोक्यावर केस नाहीत, टोपी मोठी झालेली. तिनं काचेला काहीतरी टेकवलं. तो नाण्यासारखा टॅग. आवाज आतल्या फोनमधून येत होता, खूप बारीक.

"आजून कोराच हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, बरं आहे. घाई नाही.

तिनं विचारलं, काय छापायलास. मी म्हटलं, दिंद्रुडच्या एका घरचं लग्न आहे. तिनं विचारलं, कागद कसला. मी सांगितलं, जाड, पांढरा. ती थकली होती, मधे थांबून थांबून बोलत होती. म्हणाली, याच्यासाठी एक तुकडा राखून ठेव, मागं मी डिंकानं चिकटवून घेते आल्यावर. आणि पुन्हा आठवण केली, सोनेरी नको.

संध्याकाळी छपाई संपली तेव्हा मी गठ्ठ्यातून एक पत्रिका काढली. वाया गेलेली नव्हे, चांगली. चाचांनी पाहिलं. त्यांनी ड्रॉवर उघडून कात्री माझ्यापुढे सरकवली. मी हातानं, हळूहळू, पत्त्याएवढा तुकडा कापला, पुस्तकात ठेवला आणि ते पुस्तक पिशवीत अगदी वर ठेवून घरी आणलं, कशाखाली दबू नये म्हणून.